मातीच्या भिंतीचा पुरावा

(भनपुरी, रायपूर इथे मराठी आणि छत्तीसगढी पदवीधर मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



आज मी तुमच्याच रस्त्याविषयी बोलणार आहे. रायपूरहून बिलासपूरकडे जाणारा हा रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडाच्या वखारी, लोखंडाची गोदामं, धर्मकाटे, ट्रकांच्या रांगा. कारखान्यांच्या उंच कुंपणभिंती आणि त्यांच्या मागे एकेका खोलीची घरं. पाहुण्याला कोणी इथे आणत नाही. त्याला दूधाधारी मठ दाखवतात, बूढा तालाब दाखवतात. भनपुरीत बघण्यासारखं काय आहे, असं तुम्हीही म्हणत असाल.

पण शहराची बांधणी म्हणजे नुसत्या कमानी आणि कळस नव्हेत. कोण कुठे राहिलं आणि कोणाला कुठे राहू दिलं नाही, याची ती नोंद असते. जुन्या रायपुरातली नावं घ्या: ब्राह्मणपारा, तात्यापारा. पारा म्हणजे आपली आळी. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात आली, तेव्हा राजधानी बिलासपूरपलीकडे रतनपूरला होती. १८१८ नंतर कर्नल अ‍ॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्यानं मुख्य ठाणं रायपूरला आणलं. सुभेदार, मठ, मालगुजार, सगळ्यांचे कागद झाले. ज्यांनी त्यांच्या वाड्यांची माती कालवली, त्यांची स्वतःची घरं माती आणि कवेलूंची. छुहीनं सारवलेल्या भिंतीला दरवर्षी हात लावला नाही, तर ती पावसात बसते. भिंत बसली की तिथे कोणी राहत होतं याचा पुरावाही जातो.

तरी आपल्या माणसांनी एक वास्तू उभी केलीच. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, त्यांना गुरू घासीदासांनी मूर्ती आणि पुरोहित यांच्यावाचूनचा सतनाम दिला. त्याची खूण म्हणजे जैतखाम. एक पांढरा खांब, वर पांढरा पालो. गाभारा नाही, दार नाही, त्यामुळे दार बंद करणाराही कोणी नाही. १८ डिसेंबरला पालो बदलतात, तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा की हा खांब पहिल्यांदा कोणी रोवला, तेव्हा इथे किती घरं होती. तुमच्या वस्तीचं वय तुम्हाला तिथे कळेल.

हे मी हौसेपोटी सांगत नाही. तुमच्यापैकी अनेकांना जातीच्या दाखल्यासाठी फिरावं लागलं आहे. अनुसूचित जातीचा दाखला इथे हवा असेल, तर १० ऑगस्ट १९५० ला किंवा त्याआधी आपलं कुटुंब या राज्याच्या हद्दीत राहत होतं, हे दाखवावं लागतं. त्या दिवशी अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. कागद मागतात ते मिसल बंदोबस्ताचे, जमिनीचे. ज्याला जमीनच मिळू दिली नाही, त्यानं जमिनीचा कागद आणायचा कुठून?

माझे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेमार्गानं इथे आले. नागपूर-आसनसोल मार्गावर १८९१ पासून मालगाड्या धावत होत्या, आणि रुळांखाली खडी टाकायला माणसं लागत होती. आजोबा ठेकेदाराकडे होते, म्हणून रेल्वेच्या दप्तरात नाव नाही. घर मातीचं, म्हणून घरपट्टी नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा अर्ज परत आला. शेवटी वस्तीतल्या एका सतनामी आजींना आठवलं की आमचे थोरले काका त्यांच्या भावाबरोबर शाळेत जायचे. त्यांनी शाळेचं नाव सांगितलं. दाखल-खारीज रजिस्टरात १९४९ ची एक ओळ सापडली: काकांचं नाव, आजोबांचं नाव, जात, वस्ती. आजोबांनी इथे बांधलेलं एकमेव पक्कं बांधकाम म्हणजे ती ओळ. पण तिथपर्यंत नेलं ते शेजारणीच्या आठवणीनं.

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा काही मातीची झोपडी नव्हता. तरी त्या जागेवर स्मारक व्हावं म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेली ती वास्तू पाडण्यात आली. आज वाडा नाही, पण १८४८ कोणी पुसू शकत नाही, कारण ते लिहून ठेवलेलं आहे.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. रस्त्यावरचं एकेक घर घ्या. कोण कुठून आलं, कोणत्या कामावर आलं, पहिली खोली कशाची होती, पाणी कुठून भरायचे, पहिलं मूल कोणत्या शाळेत गेलं, हे लिहा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. मग त्या शाळेत जाऊन रजिस्टर बघा. जिथे कागद नसेल, तिथे गावात ग्रामसभेचा ठराव होऊ शकतो. पण ठराव करायलाही सांगणारं माणूस जिवंत असावं लागतं. ऐंशीच्या पुढची माणसं प्रत्येक गल्लीत दोन-चारच उरली आहेत. त्यांच्याकडे आधी जा.

घरात पहिली पदवी तुमच्या हाती आली आहे. तिच्यावर नोकरी मिळवाच. पण या रस्त्याकडे लिहिता येणारं माणूसही पहिल्यांदाच आलं आहे, आणि ते तुम्ही आहात. कारखान्याची भिंत कोणी बांधली, हे त्या भिंतीवर कोणी लिहिणार नाही. तुम्ही वहीत लिहा.

जय भीम, जय सतनाम.