मामांचा प्रवास आणि दोन कुत्री



रेवसच्या धक्क्याला भाऊच्या धक्क्यावरची लाँच लागते, तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे कोणी ना कोणी बघत असते. टमटमवाला गिऱ्हाईक बघतो, कोळीण मुंबईहून रिकाम्या टोपल्या घेऊन येणारी सून बघते. आमचे मामा प्रवासाला गेले की त्यांची दोन कुत्रीही तिथे येऊन बसतात. एक काळू आणि दुसरी चिंगी. लाँच रिकामी झाली की उठतात, घराकडे चालू लागतात, आणि पुढच्या लाँचेला पुन्हा हजर!

मामा मुंबईत प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अठ्ठावन्न पुरे झाली, तसे बिऱ्हाड आवरून गावच्या घरी आले. त्याला आता बारा वर्षे झाली. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा पुण्याला असतो. तो दर दिवाळीला म्हणतो, "बाबा, इकडे चला." आणि मामा दर दिवाळीला विचारतात, "आणि ह्या दोघांना?" मुलाच्या सोसायटीतली मंडळी कुत्र्यांना नाही म्हणतात. कायद्याने अशी सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही; प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच तसे कळवलेले आहे. पण जिन्यात रोज कोणाशी भांडायचे, असे मुलाचे म्हणणे. तेही खोटे नाही.

आमचे घर धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, खारेपाटात आहे. शहरातल्या श्रोत्यांना खारेपाट म्हणजे काय ते सांगायला हवे. धरमतरच्या खाडीचे भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, आणि त्या जमिनीत भात पिकवायचे. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि पुढची काही वर्षे शेत हातचे जाते. तिन्ही बाजूंना पाणी, पण प्यायला तळ्याचे. एप्रिल-मे महिन्यात त्या तळ्याचाही तळ दिसू लागतो. मामा गमतीने म्हणतात, "आपण वाळवंटातच राहतो, फक्त आपल्या वाळवंटाला भरती येते!"

तर ह्या वाळवंटातल्या माणसाला खऱ्या वाळवंटाची ओढ लागली. नोकरीत असताना त्यांनी भूगोलाच्या तासाला थरचे वाळवंट नकाशावर कितीदा दाखवले असेल! बघितले मात्र नव्हते. निवृत्त झाल्यावर वर्षातून एक प्रवास करायचा, असा मामा-मामींचा नेम होता. मामी गेल्यावर तो मोडला होता. गेल्या हिवाळ्यात मामांनी पुन्हा पिशवी भरली आणि जैसलमेरला निघाले. दहा दिवसांचा बेत. कुत्र्यांची भाकरी शेजारच्या काकूंकडे लावून दिली.

इथे जरा थांबतो. आमच्या किनाऱ्यावर 'जाऊन येतो' हे शब्द हलके नाहीत. १९४७ सालच्या १७ जुलैला, आषाढात, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोळ्यांनी होड्या घालून जमतील तेवढी वाचवली. माझी आजी, म्हणजे मामांची आई, तेव्हा नवी सून होती. ती शेवटपर्यंत कोणाला आषाढात बोटीने जाऊ देत नसे, आणि पोचल्याचा निरोप येईपर्यंत अन्नाला शिवत नसे. मामांच्या अंगात ते मुरलेले आहे. गाडी कुठल्या स्टेशनात आहे ते सांगायलासुद्धा फोन करतात.

जैसलमेरहून त्यांचा फोन आला तो टांक्याचा. टांका म्हणजे पावसाचे पाणी साठवायचे जमिनीतले बांधीव कुंड. छपरावरचे, अंगणातले पाणी त्यात उतरवतात आणि वर झाकण घालतात. मामा सांगत होते, "अरे, इथे पाऊस आपल्या दहाव्या हिश्शानेही पडत नाही, आणि ही माणसं थेंब थेंब धरून ठेवतात. आपल्याकडे पागोळ्या खाडीत जातात." अर्धा तास हेच. किल्ल्याविषयी दोन वाक्ये, उंटाविषयी एक. मी मनात म्हटले, मास्तर निवृत्त झाले खरे, पण तास काही संपलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी काळू चावला. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा, त्याच काकूंचा नातू, भाकरी घालायला गेला होता. मालक नाही म्हणून काळू आधीच चिडचिडा झालेला. मुलाने खेळात भाकरी मागे ओढली, आणि दात पोटरीला लागले. रक्त आले. काकू हळद आणि चुना घेऊन धावल्या. नशीब असे की गावातली आशाताई तिथून चालली होती. तिने चुना बाजूला ठेवायला लावला, मुलाला नळाखाली बसवले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली. मुलगा ओरडत होता, काकू तिच्यावर ओरडत होत्या. ती धूत राहिली.

श्रोतेहो, ह्यातले एवढे शिक्षकांनी तरी वर्गात सांगावे. कुत्रा चावला की हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. वाहते पाणी आणि साबण, पंधरा मिनिटे. मग लगेच सरकारी दवाखाना. तिथे लस फुकट मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत पहिल्या इंजेक्शननंतर ३, ७ आणि २८ दिवसांनी पुन्हा यावे लागते, आणि एकही चुकवायचे नाही. रक्त आलेले असेल तर जखमेत सीरमही देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुतेक कोणी वाचत नाही. म्हणून कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे ते खरे, पण लशीसाठी ते दहा दिवस थांबायचे नाही.

दवाखान्यात विचारले, कुत्र्याला लस टोचली आहे का? काकूंना काय ठाऊक! तिकडे जैसलमेरला फोन. मामांचा आवाज फुटेना. टोचली होती, दर वर्षी टोचतात. पण वही कुलूपबंद घरात, आणि किल्ली मामांच्या खिशात. मुलाला लस दिलीच, द्यायलाच हवी होती. पण ते दहा दिवस त्या घराने कसे काढले असतील? मामांनी बेत मोडला आणि मिळाली त्या गाडीने परत निघाले. लाँचेतून उतरले तर समोर चिंगी एकटीच. काळूला काकूंच्या मुलाने गोठ्यात साखळीने बांधले होते. मारला नाही, हेच त्यांचे उपकार.

मामा आधी घरी गेले नाहीत. काकूंच्या ओटीवर गेले आणि पिशवी खाली न ठेवता म्हणाले, "वहिनी, चूक कुत्र्याची नाही, माझी आहे." काकू म्हणाल्या, "भावजी, आधी पाणी प्या."

महाभारतात शेवटच्या प्रवासाला निघालेल्या धर्मराजाबरोबर एक कुत्रा चालत असतो, आणि त्याला सोडून तो इंद्राच्या रथात चढत नाही. ही गोष्ट मामांनी वर्गात सांगितलेली मी ऐकली आहे. त्यांना मी विचारले, "मग आता प्रवास बंद का?" ते म्हणाले, "धर्मराजाला परत यायचं नव्हतं रे. मला यायचं असतं. त्याला शेजारी लागतात."

मला त्यांचा थोडा हेवाही वाटतो, तो वेगळ्या कारणाने. मामांचे पेन्शन दरमहा येते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षाची काळजी मिटते. मी २००५ सालच्या १ नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेला. जुने पेन्शन आम्हाला नाही. २०२३ सालच्या मार्चमध्ये कर्मचाऱ्यांनी त्यासाठी संप केला, तेव्हा मीही घोषणा दिल्या. साठीनंतर जैसलमेर माझ्या वाट्याला येईल की नाही, कोण जाणे. असो.

काळू दहा दिवसांनीही धडधाकट होता. मुलाची चारही इंजेक्शने झाली. चौथ्याला मामाच त्याला घेऊन गेले. यंदा पावसाळ्याआधी त्यांनी पागोळ्यांखाली पन्हळ लावून ते पाणी दोन टाक्यांत घेतले, एक स्वतःच्या दारात आणि एक काकूंच्या. माघात पुन्हा निघायचे म्हणतात, ह्या वेळी कच्छला. भाकरी तोच मुलगा घालणार आहे. ताटली आधी ठेवायची, मागे सरायचे, मग हाक मारायची, असे मामांनी त्याच्याकडून महिनाभर करून घेतले. किल्ली आता काकूंकडे असते. लशीची वही फडताळात, दुसऱ्या कप्प्यात, गुळाच्या डब्याखाली. मुलाला पाठ आहे.