रिकाम्या खुर्च्यांची बाजू



मघाशी तुम्ही संविधानाची उद्देशिका एका सुरात म्हटलीत. ती जिथून आली, त्या ठरावाची हकिगत सांगतो. तिच्यात आपली उमरीही आहे.

9 डिसेंबर 1946 ला दिल्लीत संविधान सभा बसली. 13 तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृह भारावलेलं असताना 16 तारखेला 73 वर्षांचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर दुरुस्ती मांडायला उभे राहिले. मुस्लिम लीगचे सभासद आलेले नाहीत, संस्थानांचे आलेले नाहीत. ते येईपर्यंत ठराव थांबवा, असं त्यांचं म्हणणं. मध्येच अडवणारे अडवत होते. म्हातारा माणूस हटला नाही.

त्या न आलेल्यांत आपण होतो. उमरी तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाने धाडलेला माणूस इथल्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं कितपत बोलला असता, ही शंका रास्तच आहे. तरीही, आमची खुर्ची रिकामी आहे हे भर सभेत कुणीतरी सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेब बोलायला उठले आणि त्यांनी जयकरांची बाजू उचलून धरली. ठराव पुढे ढकलला गेला, 22 जानेवारी 1947 ला मंजूर झाला. लीग तरीही आली नाही. पण बहुमत हाताशी असताना सभा थांबली, ही लहान गोष्ट नव्हे.

जयकरांनी पुढे सभासदत्व सोडलं. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली, तेव्हा ते मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले, ते जयकरांच्याच रिकाम्या जागेवर! 29 ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. जयकर नंतर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तिथलं ग्रंथालय आज त्यांच्या नावाने आहे.

आपली खुर्ची मात्र भरलीच नाही. 1948 च्या जानेवारीत याच उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर धाड घातली, 17 सप्टेंबरला निजामाची राजवट संपली. पण 26 नोव्हेंबर 1949 ला संविधान स्वीकारलं गेलं, तेव्हाही हैदराबादचा एकही प्रतिनिधी तिथे नव्हता.

संविधान सभेतल्या चर्चा छापून उपलब्ध आहेत. 16 आणि 17 डिसेंबरची भाषणं मोठ्या वर्गांतल्या मुलांनी जरूर वाचावीत. पुढच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेला हाच विषय ठेवावा, अशी मुख्याध्यापकांना विनंती करतो. पहिलं बक्षीस माझ्याकडून.

जय हिंद, जय महाराष्ट्र!