विमा व्यवसाय : तरुणांना एक साद
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. विमा विकत नाही. तरीही तरुणांनी या व्यवसायात यावे, अशी विनंती करण्यास उभा आहे. माझा एक जुना ग्राहक, कापूस पिकविणारा शेतकरी, पॉलिसी घेतल्याच्या आनंदात दुकानात पेढे घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली. प्रतिनिधी पुन्हा फिरकला नाही. काही महिन्यांतच तो गेला. बंद पॉलिसी ठरावीक मुदतीत थकबाकी भरून पुन्हा चालू करता येते. एवढे सांगणारा कोणी हवा होता. मी बी.कॉम. असूनही त्याला हप्त्याविषयी कधी विचारले नाही. ती बोच आजही आहे.

१९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय झाला आणि २४५ संस्थांचे एकत्रीकरण होऊन १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. २००० पासून खासगी कंपन्यांनाही दार खुले झाले. तरी मानोऱ्यापासून पोहरादेवीपर्यंतच्या खेड्या-तांड्यांत विमा समजावून सांगणारी विश्वासू माणसे हवीच आहेत.

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेला, दहावी उत्तीर्ण तरुण प्रशिक्षण व परीक्षेनंतर प्रतिनिधी होऊ शकतो. भगिनींसाठी डिसेंबर २०२४ मध्ये 'विमा सखी' योजना सुरू झाली. तीत अटींच्या अधीन राहून पहिल्या वर्षी दरमहा ७००० रुपये विद्यावेतन आहे. पदवीधरांना अधिकारीपदाच्या स्पर्धा परीक्षा आहेत. गणितात गती असणाऱ्यांनी विमागणितज्ञाची कठीण परीक्षा द्यावी.

मात्र आरंभीची मिळकत अनिश्चित असते, हे लपविणार नाही. केवळ नातलगांच्या यादीवर हा धंदा फार काळ चालत नाही. कापडाचा रंग पहिल्या धुण्यात गेला, तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही, येथेही तसेच. पहिल्या वर्षी कमिशन अधिक, पुढे कमी. पण हप्ता चालू असेपर्यंतच ते मिळते. म्हणून पॉलिसी जिवंत ठेवण्यातच ग्राहकाचे आणि तुमचेही हित आहे.

मित्रांनो, सही घेण्यापूर्वी अटी वाचून दाखवा, आजार लपवू देऊ नका आणि हप्त्याच्या तारखेला दार ठोठवा. एवढे कराल, तर एखाद्या घरची चूल विझणार नाही.