समजुतीचे माप

नवी पेठेत कापड मोजून मिळते, दवाखान्यात रक्तदाब मोजून मिळतो. पण ज्याला हृदयविकाराचा धोका आहे, त्याची जेवणाविषयीची समजूत कशी मोजायची? आणि मोजायची तरी कशाला?

मोजायची ती सल्ला फुकट जाऊ नये म्हणून. डॉक्टर सांगतात, "मीठ कमी करा." रोगी मान डोलावतो, आणि घरी लोणचे, पापड, खारट चटणी पहिल्यासारखीच चालू राहते. मग आपण म्हणतो, माणूस अडाणी आहे. नेहमी तसे नसते.

1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत क्षयाची तपासणी फुकट असूनही लोक येईनात. तेथील सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या हॉकबॉम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. त्यातून निघालेली रीत आज आहारासाठीही वापरतात. ती असे प्रश्न वेगवेगळे विचारते: हा रोग मला होईल का? झाला तर कितपत गंभीर? जेवण बदलून फायदा होईल का? बदलायला अडचण कोणती? 1988 साली आणखी एकाची भर पडली: हे मला जमेल का?

प्रत्येक प्रश्नासाठी काही साधी विधाने करतात. "पूर्ण पटते" याला पाच गुण, "मुळीच पटत नाही" याला एक. काही विधाने मुद्दाम उलटी ठेवतात. नाहीतर भिडेखातर माणूस सगळ्यालाच "होय" म्हणतो. एका विधानात एकच गोष्ट असावी. "तेल आणि मीठ कमी करावे" असे विचारले, तर उत्तर तेलाचे की मिठाचे, हे कळत नाही. शिवाय सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलतात. म्हणून विधान त्या भाषेत नेऊन, दुसऱ्याकडून परत मराठीत आणून, अर्थ तोच राहिला का, हे पाहावे लागते.

आता गुणांची सरसकट बेरीज मात्र करू नये. समजा, एक कामगार म्हणतो, "मी सडपातळ, मला कसला हार्ट अॅटॅक?" एक बाई म्हणते, "सगळं पटतं हो, पण अळणी केलं की घरात कुणी जेवत नाही." दोघांची बेरीज सारखी येईल, उपाय मात्र निराळे. कामगाराला त्याच्या रक्तदाबाचा आकडा समजावून द्यावा. बाईला उपदेश नको, तिच्या घरच्यांशी बोलावे.

शिक्षकहो, पालकसभेत हे पाच प्रश्न विचारून पाहा. कुणाला रागावू नका, उत्तरे ऐका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सगळे मिळून जेमतेम एक सपाट चमचा, तोही चहाचा. आपल्या ज्वारीच्या भाकरीत बहुधा मीठ नसते. ते येते तोंडीलावण्यातून. तेव्हा भाकरी सोडायची नाही, चटणीतले मीठ थोडेथोडे उतरवायचे.

एक ध्यानात ठेवा: या मापाने समजूत कळते, हृदयाची प्रकृती नव्हे. छातीत दुखू लागले, तर प्रश्न विचारत बसू नका. तडक इस्पितळ गाठा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.