हडळीचं माहेरचं नाव

(नगर जिल्ह्यातल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवून, थोडं आटोपशीर करून देत आहोत.)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'भुताच्या गोष्टी आणि बाई' असं छापलेलं बघून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला गाठलं. म्हणाल्या, "ताई, पोटगी, रेशन, दवाखाना हे विषय संपले का?" संपले नाहीत. उलट त्याच विषयांकडे मी आज जरा आडवाटेने जाणार आहे. तेव्हा थोडा धीर धरा.

झालं असं, की आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या कॉलेजातल्या एका मुलीने मला एक इंग्रजी कॉमिक आणून दिलं. म्हणाली, "वाचाच." आमच्या लहानपणी कॉमिक म्हणजे भावांच्या दप्तरातलं इंद्रजाल. त्यातला वेताळ नावाने आपला, पण प्रत्यक्षात गोरा साहेब. मुलींनी ते वाचायचं ते भाऊ खेळायला गेल्यावर. त्यामुळे आधी मी नाक मुरडलं, पण वाचलं आणि डोक्यात चक्र सुरू झालं.

हे कॉमिक 'बफी द व्हँपायर स्लेयर' या अमेरिकन मालिकेवरचं. मालिका १९९७ ते २००३ या काळात चालली. बफी ही शाळेत जाणारी सोळा वर्षांची मुलगी. माणसांचं रक्त पिणाऱ्या पिशाच्चांशी लढण्याचं काम तिच्या वाट्याला आलेलं. भयपटांत नेहमी काय होतं? अंधाऱ्या गल्लीत एकटी गोरीगोमटी मुलगी शिरते आणि मारली जाते. जॉस व्हीडन या लेखकाने नेमकं ते उलटं केलं. इथे मुलगी गल्लीत शिरते आणि राक्षसाला मारते. शेवटच्या भागात तर बफी तिची ताकद स्वतःपुरती न ठेवता जगभरातल्या मुलींना वाटून टाकते. एकीलाच निवडायचं हा नियम कोणी केला, असा तो प्रश्न होता. म्हणून तिकडच्या स्त्रीवादी मैत्रिणींना ती मालिका आपली वाटली.

मग २०१९ साली बूम स्टुडिओजने ही गोष्ट कॉमिकमध्ये पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. आधीची गोष्ट पुढे न्यायची नाही. तीच माणसं घ्यायची आणि त्यांना आजच्या काळात नव्याने जन्माला घालायचं. सुरुवातीचं लेखन जॉर्डी बेलेअर या बाईने केलं, चित्रं डॅन मोरा यांनी काढली. यातली बफी शाळा सुटल्यावर खाण्याच्या दुकानात नोकरी करते. तिची मैत्रीण विलो हिचं मुलींवर प्रेम असणं मालिकेत चौथ्या पर्वात, हळूहळू उलगडत गेलं होतं. कॉमिकमध्ये ते पहिल्यापासून उघड आहे, कुणी त्याचा बाऊ करत नाही. वीस वर्षांत तिकडच्या चळवळीने काय कमावलं, ते या एका बदलात दिसतं.

मला सर्वांत विचारात टाकलं ते ड्रुसिला या पात्राने. मूळ मालिकेत ती वेडसर. का? तर एका पुरुष पिशाच्चाने तिचं सगळं घर मारलं, छळ करून तिचं डोकं फिरवलं आणि मग तिलाही पिशाच्च केलं. कॉमिकमध्ये तीच ड्रुसिला टोळीची मालकीण आहे, 'मिस्ट्रेस' म्हणतात तिला. वाचताना आधी बरं वाटलं. मग वाटलं, हे काय झालं? छळलेल्या बाईला खुर्ची मिळाली, पण रक्त पिण्याचा धंदा तोच राहिला. आपल्याकडे सरपंचपदाच्या खुर्चीवर बाई बसली आणि कारभार जुनाच चालू राहिला, तर आपण समाधान मानतो का? नाही ना? मग गोष्टीतही मानू नये.

आणखी एक. २०२१ साली याच मालिकांत काम केलेल्या करिस्मा कारपेंटर या अभिनेत्रीने व्हीडन यांच्यावर जाहीर आरोप केला, की गरोदर असताना त्यांनी तिला अपमानास्पद वागवलं. म्हणजे पडद्यावर मुलीच्या हाती शस्त्र देणाऱ्याच्या कामाच्या जागी बाईचं काय होत होतं, हा प्रश्न उरलाच. म्हणून गोष्ट काय सांगते एवढं पाहून पुरत नाही. ती कोण सांगतं आणि कसं, हेही बघावं लागतं.

आता आपल्या घरात येऊ. 'रात्रीस खेळ चाले' किती जणी बघत होतात? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच! लाजू नका, मीही बघत होते.

या मालिकेचंही असंच झालं. तीच माणसं तीनदा सांगितली गेली. २०१६ साली पहिला भाग आला. कोकणातला नाईकांचा वाडा, अण्णांचा मृत्यू आणि मग घरात सुरू झालेली भीती. त्या भागात शेवंता म्हणजे कुजबुज आणि सावली. २०१९ साली दुसरा भाग आला तो मागे गेला, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. तिथे शेवंताला चेहरा मिळाला, हौस मिळाली, चूक करण्याची मुभा मिळाली. अण्णांचा माज, लोकांच्या जमिनींवर आणि बायकांवरची त्यांची नजर, घरातल्या माईंनी सगळं गिळत जाणं, हे सगळं उजेडात आलं. मग २०२१ साली तिसरा भाग आला आणि शेवंता पुन्हा वाड्यात फिरणारं भूत झाली.

जरा नीट बघा. बाई समजून घ्यायची तर लेखकांना तिच्या मरणाच्या मागे जावं लागलं. ती जिवंत असतानाची गोष्ट सांगितली तेव्हा लोक तिच्यासाठी हळहळले. पण तिला माणूस म्हणून फार काळ राहू दिलं नाही. शिवाय ज्या अण्णांनी एवढ्यांची आयुष्यं नासवली, त्यांचे संवाद मुलं कौतुकाने म्हणत होती आणि शेवंता मात्र गावोगावी चेष्टेचं नाव झाली. जत्रेतल्या तमाशापासून लग्नाच्या वरातीपर्यंत हेच होत आलंय. पुरुषाचा माज म्हणजे रुबाब आणि बाईची इच्छा म्हणजे बदनामी.

हे फक्त टीव्हीवाल्यांचं काम नाही. आपल्या भुतांची यादीच काढा. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा. ब्रह्मराक्षस म्हणजे विद्वान ब्राह्मण. वेताळ तर भुतांचा राजा, त्याची पालखी निघते. पुरुष मेल्यावरही त्याची विद्या, त्याचा हुद्दा त्याच्याबरोबर जातो. आता बायका बघा. जखीण म्हणजे सवाष्ण मेलेली, इच्छा राहिलेली. लावसट म्हणजे विधवा मेलेली. हडळ म्हणजे बाळंतपणाच्या दहा दिवसांत किंवा विटाळात मेलेली. अलवंतीणही तशीच, बाळंतपणात गेलेली. ही माहिती कोकणातल्या लोकसमजुतींच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींत आहे आणि आपल्या आज्यांच्या तोंडीही आहे. म्हणजे मेल्यावरही बाईची ओळख दोनच गोष्टींवरून, नवरा होता की नव्हता आणि गर्भाशयाचं काय चाललं होतं!

हडळीचा विचार करा. ती कशाने मेली? रक्तस्रावाने, तापाने, झटक्यांनी, दवाखान्यात पोचायला वाहन नव्हतं म्हणून. गावाने विचारायला हवं होतं, की ही का गेली? त्याऐवजी गावाने ठरवलं, की हिला घाबरायचं. ज्याची लाज वाटायला हवी होती, त्याचं भय केलं. भय केलं की जाब विचारावा लागत नाही. २०१८ ते २०२० या काळातल्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ बायका बाळंतपणाच्या कारणाने गेल्या. देशाचा आकडा होता ९७. हे आकडे खाली आले ते मंत्राने आले नाहीत. दाया, परिचारिका, आशाताई, रक्तपेढ्या, रस्ते आणि मागणी करणाऱ्या बायका यांच्यामुळे आले.

आता माझा अनुभव सांगते. पारनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही बायकांची बैठक घेत होतो. विषय होता पाण्याचा. गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीला पाणी होतं, पण दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला बायका तिकडे जात नव्हत्या. हडळ आहे म्हणायच्या. मी भाषण ठोकलं असतं तर त्यांनी माना डोलावल्या असत्या आणि विहीर तशीच राहिली असती. म्हणून मी एवढंच विचारलं, "ती कुणाची कोण होती?"

कुणालाच माहीत नव्हतं. मग भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "होती की. माझ्यामागून दोन वर्षांनी नांदायला आली. तिसरी बी मुलगी झाली. धाकटी सव्वा महिन्याची नव्हती तवा गेली. पाय घसरला म्हणले." थोड्या वेळाने म्हणाली, "पाय कशाचा घसरतोय? रोजची त्या विहिरीवर जाणारी ती."

मी नाव विचारलं. सासरचं नाव आजीला आठवेना. आठवलं ते माहेरचं, कारण दोघींची माहेरं शेजारच्या गावांत होती, माघारी जाताना दोघी एकाच गाडीने जायच्या. ते नाव मी इथे घेत नाही. तिच्या मुली आहेत, नातवंडं आहेत. पण त्या दिवशी त्या खोलीत ते नाव कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं आणि बायका रडल्या. हडळीसाठी नाही, आपल्यातल्या एकीसाठी.

पुढच्या खेपेला त्या कॉमिकवाल्या मुलीला मी बरोबर नेलं. तिने आणि गावातल्या शाळकरी मुलींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सहा चित्रांत ती गोष्ट काढली. शेवटच्या चित्रावरून वाद झाला. एकीने काढलं, की बाई विहिरीतून बाहेर येते आणि सासऱ्याला पळवून लावते. दुसरी म्हणाली, "असं झालं नाही ना पण!" अखेर ठरलं ते असं: विहिरीच्या काठावर बाई बसली आहे, लेक मांडीवर, आणि चार बायका तिच्याकडे चालत येताहेत. आपण तेव्हा गेलो नाही, आता जाऊ, असा त्याचा अर्थ. ड्रुसिलाला खुर्ची देण्यापेक्षा मला हा शेवट जास्त खरा वाटतो. विहिरीवरची भीती एका दिवसात गेली नाही. पण दुपारी पाण्याला निघालेल्या बायकांना आता एकमेकींची सोबत असते.

गोष्ट बदलली की हक्क मिळतात, असं मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर नोव्हेंबर २०१५मध्ये एक मुलगी चढली आणि चौथऱ्याची शुद्धी केली गेली. २६ जानेवारी २०१६ला निघालेला बायकांचा मोर्चा सुप्यातच अडवला. त्याआधी २००० साली डॉ. दाभोलकरांनी, डॉ. लागूंनी हाच प्रश्न उठवला होता. विद्या बाळ आणि अॅडव्होकेट नीलिमा वर्तक न्यायालयात गेल्या. १ एप्रिल २०१६ला उच्च न्यायालयाने १९५६च्या कायद्यावर बोट ठेवलं, आणि गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, चौथरा बायकांना मोकळा झाला. कायदा साठ वर्षं कागदावर होताच. पण बाईचा स्पर्श बाटवतो ही गोष्ट कायद्यापेक्षा जुनी आणि जास्त वेळा सांगितलेली होती. शेवंताची सावली घराघरांत फिरायला लागली तीही याच फेब्रुवारीत. एकीकडे चौथरा बाटतो म्हणून शुद्धी, एकीकडे रात्री पडद्यावर अशुभ बाई. भीती एकच आहे.

म्हणून दोन्ही हाती असू दे. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३मध्ये झाला. एखादी बाई करणी करते, चेटूक करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील केलं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली, तर तो गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच हजार ते पन्नास हजार दंड, आणि जामीन सहज मिळत नाही. पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, त्याचं नाव विचारून घ्या. हा कायदा पाठ करा. पण कुणी तक्रार द्यायला पुढे येण्यासाठी आधी तिच्याकडे बाई म्हणून बघणाऱ्या चारजणी लागतात. ते काम गोष्टीचं.

जाताजाता एक सावधगिरी. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर 'प्रियाज शक्ती' नावाचं कॉमिक आलं, २०१४ साली. बलात्कार सोसलेली प्रिया पार्वतीच्या मदतीने वाघावर बसून गावात परत येते आणि लोकांशी बोलते. तिला गप्प बसवणाऱ्या घरच्यांना, गावाला ते कॉमिक प्रश्न विचारतं, हे मोलाचं. पण बाईचं म्हणणं ऐकायला तिला देवी किंवा हडळ का व्हावं लागावं? देव्हारा आणि विहीर, दोन्ही ठिकाणी तिचं माणूसपण हरवतंच.

तेव्हा दुपारच्या सत्रात गटांत बसा. आपापल्या गावातलं एक बाईचं भूत आठवा. ती कोण होती, केव्हा आली, कशाने गेली, तेव्हा कोण गप्प बसलं, हे शोधा. आणि तिचं माहेरचं नाव काय होतं, ते म्हाताऱ्यांना विचारायला विसरू नका. लवकर विचारा. त्याही फार दिवस नाहीत.