वाघाची कॉलर आणि आपली सॅक



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक तरुण वाघ २०१९च्या जूनमध्ये घर सोडून निघाला. तेलंगणात डोकावून, महाराष्ट्रातले जिल्हे ओलांडत तो थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचं नाव पडलं ‘वॉकर’. नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरहून जास्त चालला. हे कळलं ते गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. प्राण्याला लावायचं यंत्र त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपुढे नसावं, असा अभ्यासकांचा दंडक आहे.

मग गड चढायला निघालेल्या आपल्या पोरांच्या पाठीवर किती असावं? सर्वसाधारण हिशेब असा: एका दिवसाच्या चालीला अंगच्या वजनाचा दहावा हिस्सा, मुक्कामाच्या चालीला पाचवा.

म्हणजे ५० किलोच्या मुलीला १० किलो आणि ९० किलोच्या गड्याला १८? इथंच गफलत होते. गॅलिलिओनं १६३८ सालीच दाखवलं होतं, की शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट झालं तर वजन आठपट होतं, पण हाडांच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ चौपटच होतं. ताकद वाढते, पण वजनाच्या मागे पडते. थोराड माणसाची बरीच शक्ती स्वतःलाच वाहण्यात जाते. त्यात पोट सुटलेलं असेल, तर एक सॅक त्यानं घरूनच बांधून आणलेली असते! म्हणून त्यानं पाचव्या हिश्शाच्या आतच राहावं. सडपातळ, सरावाच्या माणसाला थोडं जास्त झेपतं. शाळकरी मुलांचं मात्र वेगळं. त्यांची हाडं अजून वाढती आहेत, त्यांना दहा टक्क्यांवर नकोच.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला लागून ठेवा. कमरेचा पट्टा आवळा, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो.

आणि निघण्याआधी वजन करा. कापूस क्विंटलनं मोजणाऱ्या आपल्या जिल्ह्यात काट्याची काय वाण? सॅक घेऊन काट्यावर उभे राहा, मग सॅकशिवाय. वजाबाकी जास्त निघाली, तर दुसरी जीन्स काढा, तिसरा टॉवेल काढा. पाण्याची बाटली मात्र राहू द्या. लिटरभर पाणी किलोभर भरतं खरं, पण आपल्या उन्हात तेवढं एकच ओझं असं आहे, जे वाटेत आपोआप हलकं होतं आणि आपल्यालाही हलकं ठेवतं.