शटडाऊन केलेला कॉम्प्युटर आपोआप चालू होतोय? आधी वही काढा

आजचा भाग राजुरीतून, म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावातून. शेजारच्या आळे गावात माउलींच्या रेड्याची समाधी आहे. वेद बोललेला रेडा जिथं विसावला म्हणतात, तिथं एखादा कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू झाला तर माणसं गोष्टी रचणारच. कुणी म्हणतं हॅक झाला, कुणी म्हणतं बोर्ड गेला, कुणी घरातल्या पोरांवर संशय घेतं. आज त्याचंच बोलू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. शटडाऊन केलेला कॉम्प्युटर पूर्ण बंद नसतो. जुन्या काळी त्याचं बटण पंख्याच्या बटणासारखं होतं, दाबलं की वीजच तुटायची. आठवत असेल, विंडोज ९५ च्या वेळी शटडाऊन केल्यावर पडद्यावर अक्षरं यायची की आता तुम्ही कॉम्प्युटर बंद करू शकता. मग आपण उठून बटण दाबायचो. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाची पद्धत आणली आणि ते बदललं. आता पुढचं बटण वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला फक्त निरोप देतं. भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर एसएमपीएसमधून जांभळ्या वायरीनं ५ व्होल्ट बोर्डला मिळतच राहतात. त्या एवढ्याशा विजेवर बोर्ड वाट बघत असतो. निरोप आला की तो हिरवी वायर खाली ओढतो आणि एसएमपीएस पूर्ण चालू होतो.

गोठ्याजवळचा राखणीचा कुत्रा बघा. झोपलेला दिसतो, पण एक कान जागा असतो. कॉम्प्युटरचं तसंच आहे. त्या कानाला बटणाचा आवाज कळतो, कीबोर्ड-माऊसचा कळतो, नेटवर्कच्या वायरीतून आलेला कळतो, आतल्या घड्याळाचा गजर कळतो आणि गेलेली लाईट परत आलेलीही कळते. आपल्याला शोधायचं असतं ते एवढंच, की यातल्या कोणत्या आवाजानं तो उठला. आणि ते शोधायला पहिल्यांदा पेचकस लागत नाही, वही लागते.

आमच्या इथल्या एका मळ्यातलं उदाहरण सांगतो. घरात दुधाचा आणि टोमॅटोचा हिशोब, आणि बारावीतल्या मुलीचे ऑनलाइन तास, या सगळ्याला एकच कॉम्प्युटर. जुना, पुण्यातल्या कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला. रात्री दहाला शटडाऊन करायचे आणि सकाळी बघावं तर पंखा फिरतोय, पडद्यावर पासवर्ड मागतोय. वडलांना वाटलं, पोरगी रात्री उठून लावते. ती म्हणायची, "मी नाही लावत, हवं तर पासवर्ड बदला." पासवर्ड बदलला, तरी तेच. मग टेबल तिच्या खोलीतून उचलून पुढच्या खोलीत आणलं. तिथं येणारे-जाणारे, टीव्ही, दुधाच्या किटल्या. अभ्यासाचे दोन महिने तसेच गेले.

एका दुकानात एसएमपीएस बदलून झाला होता. फरक पडला नाही, तेव्हा बोर्ड बदला असं सांगितलं गेलं. बोर्ड बदलायचा म्हणजे त्या जुन्या मशीनच्या किमतीच्या जवळ जायचं. त्यात वहिनींनी एक उपाय केला: रात्री भिंतीवरचं बटणच बंद करायचं. सकाळी बटण चालू केलं की कॉम्प्युटर कुणी हात न लावता सुरू! वहिनी म्हणाल्या, "आता तर हे याच्या मनानंच चालतंय."

मला फोन आला तेव्हा मी एवढंच म्हणालो, बोर्ड थांबवा, दोन आठवडे वही ठेवा. दूध घालणाऱ्या घरात वहीची सवय असतेच, रोज लिटर आणि फॅट लिहितात. तशीच तीन रकाने: कधी बंद केला, कधी चालू दिसला, मध्ये लाईट गेली होती का. भिंतीवरचं बटण या दोन आठवड्यांत बंद करायचं नाही. शिवाय विंडोज स्वतःची वही ठेवतंच. तिचं नाव इव्हेंट व्ह्यूअर. त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. नोंद क्रमांक ६००५ म्हणजे चालू झाला, ६००६ म्हणजे नीट बंद झाला, ६००८ म्हणजे आधी कधीतरी अचानक बंद पडला होता. फक्त फास्ट स्टार्टअप आधी बंद करून घ्या. ते चालू असताना नेहमीच्या शटडाऊननंतर या नोंदी नीट पडत नाहीत.

दोन आठवड्यांनी मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. सोमवार ते शुक्रवार, सकाळी बरोबर साडेसातला चालू. शनिवार-रविवार नाही. आता सांगा, आमच्या मळ्यात रविवार कुणाला असतो? गाईंना नसतो, माणसांना नसतो. पण कॉम्प्युटर आठवड्याला दोन सुट्ट्या घेत होता! दुसरी गोष्ट, रात्री लाईट गेली होती अशा तीन दिवशी तो साडेसातला नाही, तर लाईट आली त्या मिनिटाला चालू झाला होता.

म्हणजे एक नाही, दोन आवाज होते. दोन्ही ऑफिसातून आलेले. मोठ्या ऑफिसात शंभर मशीन असतात. माणसं यायच्या आत ती चालू व्हावीत, लाईट जाऊन आली तरी परत उठावीत, म्हणून तिथली माणसं तशी सेटिंग करून ठेवतात. मशीन विकताना हार्ड डिस्क पुसली जाते, विंडोज नवं टाकलं जातं. पण ही सेटिंग हार्ड डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते. त्यामुळे ती मशीनबरोबर राजुरीला आली.

बायोस उघडायला पाच मिनिटं लागली. चालू करताना एफ-२ किंवा डिलीट दाबत राहायचं, काही मशीनला एफ-१० असतं. पॉवर मॅनेजमेंटमध्ये ऑटो ऑन टाइम 'वीकडेज'वर होतं, ते डिसेबल केलं. खाली एसी रिकव्हरी 'पॉवर ऑन'वर होतं, ते 'पॉवर ऑफ' केलं. सेव्ह करून बाहेर. खर्च शून्य. पुढच्या सोमवारी साडेसातला कॉम्प्युटर शांत होता. वडील काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी टेबल उचलून परत मुलीच्या खोलीत ठेवलं.

आता तुमच्या घरचं बघू. स्वतःला एकच प्रश्न विचारा: कधी चालू होतो? उत्तरं तीनच आहेत.

पहिलं, शटडाऊन केल्या केल्या, काही सेकंदांत. इथं बहुतेकदा विंडोज बंद होता होता अडखळतं. एखादा ड्रायव्हर चुकतो, विंडोज कोसळतं, आणि कोसळलं की आपोआप रीस्टार्ट कर असं त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. आता तो परत चालू न होता निळ्या पडद्यावर थांबला, तर चूक कुठं आहे ते पडद्यावरच लिहिलेलं मिळेल. दुसरा संशय फास्ट स्टार्टअपवर. २०१२ च्या विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे अर्धी झोपच असते, आतला भाग हार्ड डिस्कवर जपून ठेवला जातो. शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाऊन करून बघा. तसा नीट बंद राहिला, तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचं काढा.

तरीही उठतोय? मग सगळं काम सेव्ह करून पुढचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा. असा बंद करताना विंडोजला विचारलंच जात नाही. ही फक्त एकदाची परीक्षा, रोजची सवय नको. एवढ्यानंही लगेच चालू झाला, तर दोष विंडोजचा नाही. यूएसबीच्या वस्तू आणि नेटची वायर एकेक काढून बघा. पुढचं बटण धुळीनं अडकलंय का ते बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात ट्रॅक्टर गेला की घरभर धूळ होते, बटण आत जातं आणि बाहेर येत नाही. बोर्डाला वाटतं, कुणीतरी दाबतंय.

दुसरं उत्तर, काही वेळानं. रोज ठरलेल्या वेळी असेल तर आतल्या घड्याळाचा गजर, म्हणजे वर सांगितलेली बायोसची सेटिंग. ठरलेली वेळ नसेल तर माऊस, कीबोर्ड किंवा नेटवर्क. नेटवर्कच्या वायरीवरून मशीन उठवायची सोय असते, तिला वेक ऑन लॅन म्हणतात. घरी तिची गरज नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'कॉम्प्युटरला उठवू दे' ही खूण काढा, आणि बायोसमध्येही बंद करा.

तिसरं उत्तर, लाईट आल्यावर. आपल्या भागात हे उत्तर आधी तपासा. बायोसमध्ये याला एसी बॅक, आफ्टर पॉवर लॉस, रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस अशी वेगवेगळी नावं असतात. 'पॉवर ऑफ' ठेवा. 'लास्ट स्टेट' ठेवलंत तर लाईट जाताना चालू असलेला कॉम्प्युटर लाईट येताच परत चालू होईल. रात्री तीनला लाईट येते तेव्हा आधी दोन-तीनदा जाते-येते, व्होल्टेज वर-खाली होतं. त्या वेळी कुणी जागं नसताना हार्ड डिस्क फिरायला लागणं चांगलं नाही.

भिंतीवरचं बटण रोज बंद करणाऱ्यांसाठी आणखी एक. बोर्डावर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. भिंतीवरची वीज नसते तेव्हा घड्याळ त्यावर चालतं. तो संपला की तारीख मागं जाते, बायोस कारखान्यातल्या सेटिंगवर परत जातं आणि तुम्ही केलेली दुरुस्ती पुसली जाते. बंद केलेला त्रास परत सुरू झाला आणि तारीखही चुकतेय, तर सेल बदला. बदलताना पाठीमागची वायर काढलेली हवी. आणि एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही, वायर काढली तरी त्याच्या आत वीज साठून राहते.

एवढं करूनही नाही जमलं, तर दुकानात जरूर जा. बटण खराब असतं, एसएमपीएस जातो, बोर्डही जातो, हे सगळं खरं आहे. पण तिथं गेल्यावर "आपोआप चालू होतो" एवढंच सांगू नका. सांगा, "शटडाऊननंतर चार सेकंदांत होतो, बटण दाबून बंद केला तरी होतो, यूएसबी सगळ्या काढून बघितल्या." एवढं कळलं की समोरचा माणूस अंदाजानं सामान बदलणार नाही, आणि तुम्हालाही कळेल पैसे कशाचे देताय.

तर आज रात्री शटडाऊन केलं की घड्याळ बघा आणि लिहून ठेवा. तुमच्या वहीत काय सापडलं ते मला नक्की कळवा.